दोनशे चौदातला एक

प्रिय खडू,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे काम सांगितलं की दुखतो आणि शेजारणीकडे जायचं असलं की थांबतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या चार वर्षांत आपलं जे काही बोलणं झालं ते आईच्या फोनवर, तिने "घे, दादाशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात कोंबल्यावर. तेही "जेवलास?", "हो", "बरं" एवढंच. त्यामुळे मी पत्र लिहिलं म्हणजे नक्की कुणीतरी गेलं असं तुला वाटायचं. कुणी गेलेलं नाही. उलट काल दुपारी ऑफिसातून लवकर आलो, कोचावर जरा पाठ टेकली आणि दोन तास गाढ झोपलो. तुझ्या वहिनीने मध्ये दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं म्हणे. मला दिवसा झोप येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ती का आली ते सांगायचंय, आणि फोनवर ते जमणार नाही, कारण मी सांगत सुटेन आणि तू "बरं" म्हणशील.

सुरुवात फळ्यापासून करतो. ऑफिसातल्या आपल्या खोलीच्या दाराशी टांगलेला तो पांढरा फळा, डाव्या कोपऱ्यात तडा गेलेला, तुला आठवत असेल. तू कामाला लागलास त्या पहिल्याच आठवड्यात त्यावरचा आकडा बघून विचारलं होतंस, "सर, ही कुणाच्या खोलीची किल्ली?" आकडा होता दोनशे चौदा. लिफ्ट चालवणारा आपला प्रोग्राम रोज संध्याकाळी पाच वाजता नव्याने तयार व्हायचा, आणि कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करता करता कुरकुरायचा: ही ओळ संशयास्पद आहे, तो शब्द कुठे वापरलेलाच नाही, इकडे लक्ष द्या. अशा एकूण दोनशे चौदा वॉर्निंग. चूक एकही नाही, नुसत्या कुरकुरी. त्या वाचायला कुणाला सवड होती? म्हणून मी पद्धत पाडली होती, की आकडा फळ्यावर लिहायचा आणि रोज मोजायचा. दोनशे चौदाच आला तर नवीन काही बिघडलेलं नाही, दिवे घालवा आणि घरी जा. मला या पद्धतीचा अभिमान होता. बाहेरून कुणी आलं की मी त्यांना आधी फळा दाखवायचो. तू एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "गुराखी संध्याकाळी गुरं मोजतो तसं आहे हे. फक्त गुराखी निदान त्यांची तोंडं तरी बघतो." सगळे हसले होते. मीही हसलो होतो, आणि मग तुला चहा आणायला पाठवलं होतं.

आता मुख्य गोष्ट. आपला परवाना नव्याने काढायचा होता आणि त्यासाठी खात्याकडून एक तपासनीस बाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला मृदू, आणि चहा स्वतःचा थर्मासमधून आणणाऱ्या, त्यामुळे त्यांना खूश करायचा एक मार्ग पहिल्याच दिवशी बंद झाला. मी फळा दाखवला. तेव्हा त्यावर दोनशे तेरा होता. बाईंनी जुन्या फायली मागवल्या आणि दोन दिवस आमच्या खोलीत बसून चार-पाच वर्षांचे कागद चाळले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून एका तारखेवर बोट ठेवलं. गुरुवारपर्यंत दोनशे चौदा, त्या शुक्रवारपासून दोनशे तेरा. "हा एक कुठे गेला?"

मी म्हटलं, मॅडम, त्या आठवड्यात आम्ही कंपायलरचं एक सेटिंग बदललं होतं, त्यात गेला. त्या म्हणाल्या, "गेला ते तुम्ही बघितलंत, की गेला असेल असं धरलंत?" मी जरा हसून म्हटलं, कमी झाला म्हणजे सुधारणाच की. त्यावर बाई थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या, "घरातलं एक माणूस दिसेनासं झालं, तर तुम्ही घर ऐसपैस झालं म्हणता का?" त्यांना आपल्याबद्दल काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण मी जागेवर येऊन बसलो तेव्हा माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं होतं, कारण तो शुक्रवार कोणता ते मला कागद न बघता ठाऊक होतं. तो तुझा शेवटचा दिवस होता.

त्या दिवसांबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून मला जे खरं वाटत होतं ते एकदा लिहितो. नवा कंपायलर आणायचं काम मी तुझ्यावर सोपवलं. तू दोन महिने खपून ते केलंस, संध्याकाळी आकडा आला दोनशे चौदा, मी पाठ थोपटली आणि प्रोग्राम बाहेर गेला. तीन आठवड्यांनी त्या ग्रंथालयातल्या लिफ्टचं दार ग्रंथपाल बाईंच्या हातावर बंद झालं. बाई पुस्तकांची ढकलगाडी आत घेत होत्या, एक पुस्तक घसरलं, ते धरायला त्यांनी हात बाहेर काढला. दारातल्या प्रकाशाच्या रेषेला काही आडवं आलं की दार मागे सरायलाच हवं. ते सरलं नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं. मी चौकशी केली, म्हणजे खोलीत बसून विचार केला, आणि ठरवलं की तू नव्या कंपायलरचं एक सेटिंग चुकीचं ठेवलंस, त्यामुळे भाषांतर करताना त्याने दाराच्या ओळी अनावश्यक समजून गाळल्या. सोमवारी मीटिंग झाली. शुक्रवारी संध्याकाळी मी ते सेटिंग स्वतः बदललं, शनिवारी ग्रंथालयात जाऊन दारात सात वेळा हात घातला, सातही वेळा दार मुकाट्याने मागे सरलं. मग चार पानी अहवाल लिहिला: कारण सापडलं, दुरुस्ती केली, जबाबदार अभियंत्याने नोकरी सोडली आहे. मोठ्या साहेबांनी माझी तारीफ केली, की घरचा माणूस असूनही मी पाठीशी घातलं नाही. ती तारीफ मी घरी येऊन आईला सांगितली. आई उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या घातलेल्याच होत्या.

तपासनीस बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून मी ते जुनं, तुझं, चुकीचं म्हटलेलं सेटिंग परत लावून पाहिलं. आकडा दोनशे चौदा यायला हवा होता. दोनशे तेराच आला. प्रोग्राम चाचणीच्या लिफ्टवर चढवला, ग्रंथालयातल्यासारखा जुन्या पद्धतीचा सेन्सर जोडला, दारात हात घातला. दार मागे सरलं. पुन्हा घातला, पुन्हा सरलं. खडू, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट नीट चालते आहे म्हणून मी घाबरलो. ते सेटिंग कधीच दोषी नव्हतं. मग त्या शुक्रवारी दार दुरुस्त केलं कुणी?

प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो. स्वतः मात्र त्या शुक्रवारची नोंद चार वर्षांत उघडली नव्हती. दोन बदल होते. पाचला पाच मिनिटं कमी असताना माझा, सेटिंगचा. आणि त्याच्या पाच मिनिटं आधी तुझा. एका फायलीत एक ओळ खोडून दोन सरळ ओळी, आणि खाली तुझा शेरा: "दाराची ओळ सरळ केली." एवढंच. कुणावर ठपका नाही, खुलासा नाही. खोडलेली ओळ तेव्हाच सोळा वर्षं जुनी होती आणि तिच्या शेजारी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. ती वाचायला मला चष्मा लागला नाही.

त्या संध्याकाळी तुझ्या वहिनीला सगळं सांगायला बसलो. ती म्हणाली, "मला कळेल असं सांग, नाहीतर सांगू नकोस." तेव्हा मी सांगितलं, की खरा भाषांतरकार कामाला बसायच्या आधी एक जण कात्री घेऊन मजकुरावरून फिरतो. त्याला प्रीप्रोसेसर म्हणतात. त्याला अर्थाशी देणंघेणं नाही. मजकुरात लिहिलेलं असतं, की या लिफ्टला अमुक सेन्सर असेल तर पुढच्या पंधरा ओळी ठेव, नसेल तर काप. तो विचारतो, बघतो, ठेवतो किंवा कापतो. वहिनी म्हणाली, "कळलं. आमच्याकडे हॉस्पिटलात ऑपरेशनच्या औषधांच्या यादीवर सिस्टर आधी पेन फिरवते. पेशंटला ॲलर्जी आहे? या ओळी ठेव. नाही? काट." अगदी तेच, मी म्हटलं. आणि मी काय केलं होतं, की "सेन्सर आहे का" हा प्रश्न दरवेळी पूर्ण लिहायचा कंटाळा म्हणून त्या प्रश्नालाच एक टोपणनाव दिलं होतं. त्याला मॅक्रो म्हणतात. कात्रीवाल्याने टोपणनाव उलगडायचं, आत प्रश्न सापडला की तो विचारायचा. जुन्या कंपायलरचा कात्रीवाला समजूतदार होता, सोळा वर्षं त्याने तसंच केलं. नव्याने टोपणनाव उलगडलं, पण आतून निघालेला प्रश्न हा प्रश्न आहे हे त्याने मानलं नाही. उत्तर "नाही" धरलं आणि पंधरा ओळी कापल्या. चाचणीच्या लिफ्टला नव्या पद्धतीचा सेन्सर होता, त्याच्या ओळी वेगळ्या, त्यामुळे तिथे सगळं आलबेल. कापल्या गेल्या त्या फक्त जुन्या लिफ्टच्या ओळी, ग्रंथालयासारख्या.

मग दोघांत बरोबर कोण? हे शोधायला मी स्टँडर्ड उघडलं, म्हणजे आपण प्रोग्राम ज्या भाषेत लिहितो तिच्या नियमांचं पुस्तक. तीस वर्षं त्या पुस्तकाचं नाव घेऊन मी लोकांना गप्प केलं असेल, पण प्रीप्रोसेसरचं प्रकरण सलग असं कधीच वाचलं नव्हतं. आता रोज दुपारी जेवणानंतर थोडं थोडं वाचलं. आणि सापडलं. असा प्रश्न जर टोपणनाव उलगडताना तयार झाला, तर काय व्हावं हे आम्ही ठरवलेलं नाही, असं तिथे एका वाक्यात लिहिलं आहे. चूक आहे असं नाही, बरोबर आहे असंही नाही. काहीही होऊ शकतं आणि जे होईल ते नियमात बसतं. मी दोन्ही कंपायलरवाल्यांना पत्रं पाठवली. दोघांची अत्यंत सभ्य उत्तरं आली आणि दोघांनी त्याच एका वाक्याचा हवाला दिला. पुढे वाचत गेलो तर अशी आणखी ठिकाणं. कात्रीवाल्यासाठीच्या दोन खुणा एकाच ओळीत आल्या तर आधी कोणती लागू करायची, ते सांगितलेलं नाही. एका जागी तर पुस्तकाने स्वतःच एक उदाहरण देऊन त्याची दोन निरनिराळी उत्तरं छापली आहेत, दोन्ही चालतील म्हणून. मला वाटायचं हा कातळावर कोरलेला मजकूर आहे. तो निघाला समंजस माणसांनी बसून लिहिलेला, आणि जिथे त्यांचं एकमत झालं नाही तिथे त्यांनी सरळ लिहिलंय, की झालं नाही. माझ्या चार पानी अहवालात "नक्की माहीत नाही" हे शब्द एकदाही नव्हते.

खोटं कशाला बोलू, त्या वाक्याने मला आधी फार आनंद झाला. दोष माझा नाही, तुझा नाही, पुस्तकाचा. एका वाक्याने घर सांधलं जाईल असं वाटलं. शीळ घालत स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "पुढे रस्ता आहे की नाही आम्हाला माहीत नाही, अशी पाटी त्यांनी लावली होती ना? मग गाडी तिकडे घातली कुणी?" मी म्हटलं, मी. "आणि त्या वळणावर वॉर्निंग नव्हती?" होती की. नव्या कंपायलरने पहिल्याच दिवशी माझ्या त्या ओळीवर बोट ठेवून कुरकुर केली होती. पण त्याच दिवशी दुसरी एक जुनी, बिनमहत्त्वाची कुरकुर त्याने सोडून दिली होती. एक आली, एक गेली. गुरं दोनशे चौदाच भरली आणि आम्ही दिवे घालवून घरी गेलो. वहिनी म्हणाली, "म्हणजे भावजींचं तोंड बघायचं तेवढं राहिलं." ती असंच बोलते, पुसता पुसता, समोरच्याकडे न बघता.

आता त्या सोमवारच्या मीटिंगबद्दल. हा भाग मी आधी सोडून पुढे जाणार होतो, पण तसं केलं तर पत्राला काही अर्थ नाही. टेबलाभोवती सात माणसं होती. मी तुझ्या सेटिंगबद्दल बोलत होतो, फार शांतपणे, आवाज न चढवता, मी तसाच बोलतो. तू मध्येच म्हणालास, "दादा, एक मिनिट. ती तुझी ओळ बघ ना एकदा." आणि मी म्हणालो, "इथे मी दादा नाही." बस. त्यानंतर तू तोंड उघडलं नाहीस. चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की ऑफिसची शिस्त म्हणून बोललो, पहिल्या दिवसापासून मी तुला सर म्हणायला लावलं होतं, तू घाबरल्यावर विसरलास. पण तुझा तो शेरा वाचला आणि मला तुझं वाक्य पूर्ण ऐकू आलं. मी फक्त पहिला शब्द ऐकला होता. "ती ओळ" म्हणाला नव्हतास तू, "ती तुझी ओळ" म्हणाला होतास. तुला सोमवारीच माहीत होतं. तू सांगितलं होतंस. सात जणांसमोर मी ते ऐकायला नकार दिला, आणि शुक्रवारी तू ती ओळ नीट करून, टेबल पुसून, किल्ली माझ्या खणात ठेवून निघून गेलास.

ग्रंथपाल बाईंना भेटायला गेलो. त्यांना हे कळायला हवं होतं. अजून तिथेच आहेत, त्याच टेबलाशी. मनगट चांगलं आहे, फक्त वरच्या फळीवरचे शब्दकोश डाव्या हाताने काढतात. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आज लिफ्टने आलात की जिन्याने?" जिन्याने आलो होतो. त्यांना खरं कारण सांगितलं, ओळ माझी होती हेही सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं." मग सांगायला लागल्या, की हात प्लास्टरमध्ये असताना दर गुरुवारी तुमचा भाऊ यायचा. दोन महिने. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचा, काव्य आणि पाककला यांची सरमिसळ करायचा, शिव्या खायचा. एकदा त्यांनी तुला विचारलं, की बाबा रे, चूक कुणाची होती? तू म्हणालास, "घरातलीच आहे." एवढंच. त्यांनी पुढे विचारलं नाही. मला म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या आठवड्यात याल. जरा वेळ लागला तुम्हाला." मी म्हटलं, हो, लागला. त्यांनी मला चहा पाजला आणि निघताना वाचनालयाचा फॉर्म भरायला लावला. मी आता सभासद आहे.

खडू, तेव्हा दर गुरुवारी तू कुठे जायचास ते आईला माहीत होतं का? मी विचारलं तर गुडघा दुखायला लागला.

पुढचं सोपं होतं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, म्हणूनच चार वर्षं लागली असावीत. मोठ्या साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, जुना अहवाल चुकीचा आहे, नवा लिहिलाय. त्यांनी वाचला, पंख्याकडे बघितलं, म्हणाले, "हे न लिहूनही भागलं असतं." मी म्हटलं, तपासनीस बाईंना एक कमी पडतोय, तो द्यायला हवा. बाईंनी नवा अहवाल दोनदा वाचला आणि त्यांच्या थर्मासमधला चहा मला देऊ केला. परवान्याचं काम पुढे सरकलं. मला विभागप्रमुखाच्या खुर्चीवरून काढलं, आणि ते बरोबरच केलं. आता खिडकीशी बसतो. दिवसभर उरलेल्या वॉर्निंग एकेक करून वाचतो, नीट करतो आणि खोडतो. आज फळ्यावर एकशे अडतीस आहे. प्रत्येकीचं तोंड बघतो. मला कुणी सर म्हणत नाही, पाचला उठलो तरी कुणी घड्याळ बघत नाही, आणि दुपारी झोप लागते. तुझी वहिनी म्हणते मी घोरायलाही लागलोय. माणसाला अजून काय हवं?

एक गोष्ट मात्र हवी आहे, आणि पत्र त्यासाठीच आहे. नव्या अहवालाच्या शेवटी एक रकाना असतो: दोष कोणी शोधला आणि कोणी दुरुस्त केला. तिथे मी लिहिलंय, "माझ्या धाकट्या भावाने". कारकून म्हणाला, नातं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, राहू दे. पण त्या रकान्याखाली त्या माणसाची सही लागते, नाहीतर कागद अर्धवट राहतो आणि जुनाच अहवाल फायलीत खरा ठरतो. कागद टपालाने पाठवता आला असता. पाठवणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. तुझ्या वजनकाट्यांच्या कंपनीला सुट्टी असते हे आईकडून काढून घेतलंय. आई असंही म्हणाली, की तू चौथ्या मजल्यावर राहतोस आणि इमारतीला लिफ्ट नाही. बरंच झालं. मला हल्ली जिने चढायची सवय झाली आहे, फक्त वर पोचेपर्यंत दम लागतो, तेव्हा दार उघडल्यावर मी लगेच काही बोललो नाही तर बोलायचं नाहीये असं समजू नकोस. सही करावीशी वाटली नाही तर करू नकोस, कागद तुझ्याकडे ठेव. पण ते अर्धं राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हण. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकेन.

तुझाच,
दादा
(ऑफिसातसुद्धा)